तीन टप्प्यांची मोजणी

भूमि अभिलेख खात्याच्या चाकरीत ज्याचे उमेदीचे आयुष्य गेले, त्याला अंतर या वस्तूविषयी एक प्रकारची निर्विकार, काहीशी शुष्क आत्मीयता जडलेली असते. कारण ज्या बांधावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड पाहीनासे झाले, ज्या हद्दीच्या दगडासाठी तीन पिढ्यांनी दिवाणी न्यायालयाचे उंबरठे झिजवले, त्या बांधाची लांबी घेताना मोजणाऱ्याने वादी आणि प्रतिवादी यांपैकी कोणाच्याही दुःखात वाटेकरी व्हायचे नसते, तर निघालेला आकडा टिपणात उतरवून, पंचांच्या सह्या आणि अंगठे घेऊन, पुढच्या खुणेकडे चालू लागायचे असते. अशा माणसाने चाळिशी बरीच मागे पडल्यावर, स्वतःच्या देहाने आक्रमायचे एक ठरीव अंतर आपखुशीने पत्करावे, आणि त्यासाठी रजेचा अर्ज करून गोव्याला जावे, याचे कचेरीत प्रथम नवल झाले आणि मग रीतसर थट्टा झाली. एका खातेदाराने तर समोरच विचारले, "साहेब, मोजणीची तारीख मागितली की तुम्हाला सवड नाही, आणि समुद्रात पोहायला सवड हाय व्हय?" प्रश्न उद्धट होता, पण अन्याय्य नव्हता, आणि पुढील मजकूर एका अर्थाने त्याच प्रश्नाचे मी सावकाशीने दिलेले उत्तर आहे.

हे अंतर तीन भागांचे आहे. समुद्रात १.९ किलोमीटर पोहून जायचे, ओल्या अंगाने सायकलीवर बसून ९० किलोमीटर रपेट करायची, आणि सायकल ठेवल्याबरोबर २१.१ किलोमीटर, म्हणजे अर्ध्या मॅरेथॉनइतके, धावायचे. तिन्ही मिळून ११३ किलोमीटर, आणि मुदत साडेआठ तासांची. मैलांत हीच बेरीज ७०.३ येते, आणि स्पर्धा त्याच आकड्याने जगभर ओळखली जाते. मैल केव्हाच मोडीत निघालेल्या आपल्या देशातही तरुण मुले हा आकडा छातीवर मिरवतात, याचे मला मुळीच वावगे वाटले नाही. आमच्या गुंठ्याचे दुसरे काय आहे? तेहेतीस फुटांची शंकुसाखळी, तिचे सोळा आणे, आणि साखळीचा चौरस तो गुंठा. साखळी गेली, तिच्या जागी प्लेन टेबल आले, मग ईटीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन, आले, आता उपग्रहाशी बोलणारा रोव्हर आला, तरी शेतकऱ्याच्या तोंडचा गुंठा काही सुटत नाही.

या खेळाचा पूर्वेतिहास फार जुना नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरी, मिशन बे या खाडीकाठी, एका धावपटूंच्या मंडळाने धावणे, सायकल आणि पोहणे यांची मिळून एक संध्याकाळची शर्यत ठेवली आणि तीत ४६ जण उतरले. पण या खेळाला जी कीर्ती लाभली ती हवाई बेटांतील ओआहू येथे १८ फेब्रुवारी १९७८ रोजी झालेल्या स्पर्धेने. पोहणारा, सायकलस्वार आणि धावणारा यांत खरा तगडा कोण, या वादाचा निकाल लावण्यासाठी जॉन कॉलिन्स नावाच्या अमेरिकन नौदलातील अधिकाऱ्याने तिथल्या तीन प्रसिद्ध शर्यती एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक लावण्याची तजवीज केली. १५ जण निघाले, १२ जण पोचले, आणि गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. सायकल संपेपर्यंत पुढे होता तो जॉन डनबार. परंतु धावण्याच्या टप्प्यात त्याच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले, त्यांनी त्याला बिअर पाजली, आणि हॉलर त्याला मागे टाकून निघून गेला, असे सांगतात. वाद होता बळाचा आणि निकाल लागला पाण्यावर, ही गोष्ट या खेळाच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेली असावी, याचे मला पुढे वारंवार स्मरण झाले.

त्या हवाईच्या अंतराचा निम्मा हिस्सा म्हणजे आमचे हे मध्यम अंतर. भारतात ते प्रथम २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर एका जगप्रसिद्ध मालिकेच्या नावाखाली आखले गेले, आणि महासाथीच्या खंडानंतर नोव्हेंबर २०२२ पासून तेथे पुन्हा भरू लागले. पहिल्या वर्षी पुरुषांत अग्रस्थान पटकावले ते लष्करातील बिश्वरजित सायखोम याने, पाच तासांच्या आत. आणि त्याच्या मागून जे शेकडो जण त्या दिवशी व पुढल्या वर्षांत आले, त्यांत डॉक्टर, वकील, पोलीस, कारखानदार आणि माझ्यासारखी दप्तरी माणसे यांचा भरणा मोठा. पूर्ण अंतराची तयारी माणसाचे सारे घर वेठीस धरते. लहान अंतर तासा-दोन तासांत संपते आणि त्यात तारुण्याच्या चपळाईला अधिक किंमत असते. मध्यम अंतर हे पगारी, प्रापंचिक माणसाला झेपणाऱ्या अंतरांपैकी जवळजवळ शेवटचे होय, आणि त्यातच त्याची अडचण आहे. कारण ते इतके लांब आहे की निव्वळ जिद्दीवर निभत नाही, आणि इतके आखूड आहे की जिद्दीवर निभेल असे शेवटल्या घटकेपर्यंत वाटत राहते.

कोल्हापुरासारख्या गावी राहणाऱ्याला शरीरकष्टांचे अप्रूप सांगावे लागत नाही. येथे तालमींची परंपरा आहे, आणि भल्या पहाटे रंकाळ्याच्या काठाने चालणाऱ्यांची, पन्हाळ्याच्या चढावर सायकली रेटणाऱ्यांची, राजाराम तलावात हात मारणाऱ्यांची एक स्वतंत्र प्रजाच नांदते. मी त्या प्रजेत उशिरा दाखल झालो. सायकल विकत घेण्याचा प्रस्ताव घरी मांडला तेव्हा "अहो, ही सायकल आपल्या दोन वर्षांच्या किराण्याची आहे," एवढाच शेरा मिळाला. त्याला नामंजुरी म्हणता येत नव्हते, म्हणून मी ती मंजुरी धरली. पोहण्याची उजळणी मात्र एका वयोवृद्ध वस्तादाच्या हाताखाली झाली. लहानपणी विहिरीत शिकलेले माझे पोहणे त्यांनी काठावरून पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाले, "साहेब, पाण्याशी झटापट कशापायी? दम लागला की समजायचं, कायतरी चुकलं." माझ्या आजवरच्या समजुतीप्रमाणे दम लागणे ही श्रमाची पावती होती; वस्तादांच्या हिशेबी तो तक्रार अर्ज होता.

पुढे सायकलीच्या आणि धावण्याच्या बाबतीतही हाच पाठ निराळ्या तोंडांनी ऐकावा लागला. सरावाचा बहुतेक भाग शेजारच्याशी सलग बोलता येईल इतक्या मंद गतीने करावा, जोराचे काम आठवड्यातून मोजके असावे, आणि ते झाल्यावर पुरती विश्रांती घ्यावी, हा या विद्येचा सर्वमान्य शिरस्ता आहे. त्यामागचे कारण असे की मंद आणि दीर्घ श्रमाने स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते आणि चरबी जाळून चालण्याची सवय शरीराला लागते. साखरेचा जो साठा स्नायूंत आणि यकृतात असतो तो साधारण चार-पाचशे ग्रॅमांचा, म्हणजे जोरात राबणाऱ्या माणसाला दोन-तीन तास पुरेल एवढाच. त्यापलीकडचा प्रवास चरबीच्या मंद ज्योतीवर आणि वाटेत घातलेल्या इंधनावर करायचा असतो. दर ताशी साठ ते नव्वद ग्रॅम पिठूळ-साखरेचे अन्न पोटाने पचवावे, अशी अपेक्षा असते, आणि हलणाऱ्या, तापलेल्या पोटाला ती एकदम मान्य होत नाही. त्यालाही पायांप्रमाणेच शिकवावे लागते. परदेशी गोड रसांच्या पुड्या मी चाखून पाहिल्या. शेवटी खजूर, मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि साखर-मिठाचे कोकमपाणी यांवर माझे आणि माझ्या जठराचे एकमत झाले.

तीन निरनिराळे खेळ येणे म्हणजे हा एक खेळ येणे नव्हे, याचा साक्षात्कार सायकलीवरून उतरून धावू लागताना होतो. तीन तास वाकून बसलेल्या माणसाच्या कमरेपुढचे स्नायू आखडलेले असतात, मांड्यांना गोल फिरण्याचीच आज्ञा पाठ झालेली असते, आणि जमिनीवर पाय ठेवताच असे वाटते की हे पाय दुसऱ्या कोणाच्या नावावर चढले आहेत आणि आपला त्यांवर कब्जा नाही. हा परकेपणा सरावाने जात नाही. तो पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो, त्याला घाबरायचे नसते, एवढेच सरावाने कळते. त्यासाठी सायकलीनंतर लगोलग धावण्याचा जो मेहनतीचा प्रकार करतात त्याला ब्रिक म्हणतात. रविवारी सकाळी महामार्गावरून परतून, सायकल घराच्या भिंतीला टेकवून, मी पुन्हा गल्लीतून पळत सुटलो की शेजारचे निवृत्त मास्तर खिडकीतून विचारीत, "काय विसरलं काय?"

माझ्या व्यवसायाने मला एक गोष्ट फुकट दिली होती, ती म्हणजे ऊन. मार्च ते मे हा आमचा मोजणीचा खरा हंगाम. पिके निघालेली असतात, बांध उघडे असतात, आणि दुपारी दोन वाजता ढेकळांतून रोव्हरची काठी घेऊन फिरणाऱ्याला घाम कसा गाळावा आणि सावलीची किंमत काय असते हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. परंतु गोव्याचे ऊन देशावरच्या उन्हासारखे नाही. देशावर घाम निघतो आणि वाळतो, आणि वाळताना अंग निववतो. किनाऱ्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरातही हवा पाण्याने इतकी भरलेली असते की घाम वाळतच नाही, नुसता गळतो, आणि अंगातील उष्णता अंगातच मुक्काम करते. मग त्वचेकडे रक्त धाडण्याच्या कामी हृदय अधिकाधिक गुंतते, आणि गती तीच राहूनही नाडीचा आकडा वर वर सरकत जातो.

आंबोलीचा घाट उतरून आम्ही गोव्यात पोचलो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सायकल जमा करायची असते, आणि तो सोहळा एखाद्या दुय्यम निबंधक कचेरीतील दस्तनोंदणीला शोभेल इतक्या बारकाव्याने पार पडतो: ब्रेक तपासतात, शिरस्त्राणाचा पट्टा पाहतात, क्रमांकाच्या चिठ्ठ्या सायकलीला, शिरस्त्राणाला आणि पिशव्यांना चिकटवतात, आणि मग लांबच लांब रांगांत प्रत्येकाची सायकल ठरल्या जागी टांगली जाते. नियमांचे पुस्तक मी बारकाईने वाचले. सरकारी नोकराला अशा वाचनात जो आनंद मिळतो तो इतरांना समजावून सांगणे कठीण आहे. शिरस्त्राणाचा पट्टा आवळल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही, आखलेली रेघ ओलांडल्याखेरीज तिच्यावर बसायचे नाही, बाहेरच्या कोणाची मदत घ्यायची नाही, कानात गाणी लावायची नाहीत. सर्वांत महत्त्वाचा नियम अंतराचा: पुढच्या सायकलीच्या पुढल्या चाकापासून आपले पुढले चाक बारा मीटर मागे हवे, आणि त्या टापूत शिरलात तर पंचवीस सेकंदांत तिला ओलांडून पुढे गेले पाहिजे, नाही तर मोटारसायकलीवरचा पंच निळे कार्ड दाखवतो आणि पाच मिनिटे एका तंबूत उभे राहावे लागते. बारा मीटर म्हणजे जवळजवळ बरोबर एक साखळी तीन आणे. हा हिशेब मी मनात केला आणि मला फार बरे वाटले. नियमामागचा न्याय असा की सपाटीवर सायकलस्वाराचे खरे भांडण हवेशी असते. वेग दुप्पट करायचा तर हवेवर मात करण्यासाठी आठपट शक्ती लागते, आणि दुसऱ्याच्या आडोशाने चालणारा त्यातला मोठा वाटा त्या दुसऱ्याकडून उसना घेतो. येथे प्रत्येकाने आपल्या वाट्याची हवा आपणच कापायची असते.

पहाटेचा मिरामार पश्चिमेकडे तोंड करून पसरलेला असतो. उजवीकडे मांडवीच्या मुखापलीकडे आग्वादचे टोक, डावीकडे काबोचे, आणि मधोमध नदीने आणलेल्या गाळाने मळकट झालेला, २८ अंशांच्या आसपासचा कोमट समुद्र. इतक्या उबदार पाण्यात तरंगवणारा रबरी पोशाख सहसा कोणी घालीत नाही, त्यामुळे प्रत्येकजण आपापल्या कौशल्याच्या उघड्या भांडवलावर उतरतो. पूर्वी सर्वांना एकदम पाण्यात सोडीत. आता आपापल्या अपेक्षित वेळेप्रमाणे रांगेत उभे राहायचे आणि काही सेकंदांच्या अंतराने थोडेथोडे आत जायचे, आणि घोट्याला बांधलेली चिप ज्याची त्याची वेळ मोजत राहते. तलावात पाण्याखालची दिशा चुकली तरी काठ दिसतो; समुद्रात पाण्याखाली स्वतःचा हातसुद्धा धूसर दिसतो. म्हणून सात-आठ हातांनी एकदा डोळे पाण्याबाहेर काढून तरंगते पिंप पाहावे लागते, आणि दोन लाटांच्या मध्ये ते दिसले नाही तर पुढच्या डोकावण्याची वाट पाहावी लागते. येथे मला माझी विद्या उपयोगी पडली. झेंडी रोवून रेघ धरताना एका खुणेवर कधी विसंबू नये, तिच्यामागे दुसरी स्थिर खूण धरावी, म्हणजे आपण बाजूला सरकलो की दोहोंत फट पडते. पिंप आणि त्यामागचे डोंगराचे टोक यांची रेघ मी अशीच धरून ठेवली, आणि भरतीची ओढ मला किती आणि कोणत्या बाजूस सारते आहे हे मला दर डोकावण्यास कळत गेले. परतीच्या वाटेवर सूर्य किनाऱ्यामागून नेमका डोळ्यांवर आला, पिंप दिसेनासे झाले, आणि मग पुढच्या पोहणाऱ्यांच्या रंगीत टोप्यांवर भिस्त ठेवावी लागली.

आजूबाजूला काहींची छाती भरून आली होती. होड्यांच्या कडांना धरून ते श्वास जुळवत होते, आणि जीवरक्षक त्यांच्याशी हळू, घरगुती स्वरात बोलत होते. होडीला धरून थांबण्यास नियमाची आडकाठी नाही, तिच्या जोरावर पुढे सरकण्यास आहे. पोहण्याला एक तास दहा मिनिटांची मुदत असते. वाळूवर पाय टेकला तेव्हा मला मुळीच दम लागला नव्हता, आणि याहून जलद येता आले असते हे स्पष्ट होते; वस्तादांनी सांगितलेले एवढे एकच काम मी बिनचूक केले होते.

सायकलीचा मार्ग किनारा सोडून जांभ्याच्या पठाराकडे चढतो, उतरतो, आणि त्याच वाटेने पुन:पुन्हा फिरवतो. मोठे घाट नाहीत. पण चढांचे एकामागून एक येणे असे असते की प्रत्येक चढ फारसा नाही, म्हणून प्रत्येक चढावर थोडे अधिक खर्चावे असे वाटते. चौकाचौकांत पोलिसांचा बंदोबस्त, अडवलेल्या वाहनांमागे वैतागलेले लोक, घरांच्या पायऱ्यांवर टाळ्या वाजवणाऱ्या बायका, आणि आपल्या बाजूने सुसाट निघून जाणारी तरुण मुले. त्यांच्या मागे जाण्याची जी ऊर्मी येते ती पायांतून येत नाही, कुठून तरी मानेच्या मागून येते. तिला नकार देत तीन तासांहून अधिक काळ बसून राहणे, हेच या टप्प्याचे खरे काम होय, आणि ते बाहेरून पाहणाऱ्याला मुळीच दिसत नाही.

मोजणीत एक अनुभव प्रत्येक नवख्याला येतो. एका खुणेपासून निघून, कोन आणि अंतरे घेत, शेताला पूर्ण वळसा घालून तो मूळ खुणेवर परत येतो, आकृती कागदावर उतरवतो, आणि पाहतो तो शेवटची रेघ पहिल्या बिंदूला मिळत नाही. हातभर फट उरते. फट दिसते शेवटच्या खुणेपाशी, म्हणून तो शेवटचीच मापे पुन्हा पुन्हा तपासतो, आणि दोष असतो तिसऱ्या खुणेवर, जेथे कोन घेताना घाई झाली आणि तेव्हा सर्व काही ठाकठीक दिसत होते. या शर्यतीचे तंतोतंत असेच आहे. पाण्यात उधळलेली शक्ती पाण्यात उणी पडत नाही, सायकलीवर वाढवलेला वेग सायकलीवर सुखच देतो. वसुली होते ती धावण्याच्या दहाव्या-बाराव्या किलोमीटरपाशी, आणि तेथे उभा असलेला माणूस आपल्या पायांना, उन्हाला, नाही तर बुटांना दोष देतो, कारण वसुलीची जागा आणि कर्जाची जागा यांत दोन-तीन तासांचे अंतर पडलेले असते.

धावणे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, तेच तेच फेरे घेत. दुपार चढलेली, सावली विरळ, आणि दर दोन-अडीच किलोमीटरवर पाणी, केळी, बर्फ यांची मेजे. प्रत्येक मेजापाशी चालायचे, टोपीत बर्फ भरायचा, पाणी नेमके प्यायचे आणि मेज संपताच पुन्हा धावायचे, असा माझा करार होता. तहान लागते म्हणून नुसतेच पाणी ढोसत राहिले तर रक्तातील मिठाचे प्रमाण घसरते आणि माणूस भ्रमल्यासारखा होतो, म्हणून मिठाच्या गोळ्याही खिशात होत्या. या रस्त्यावर ओळखी फार लवकर होतात. कोणी कोणास नाव विचारीत नाही. छातीवरच्या क्रमांकाखाली ते छापलेलेच असते, आणि एका फेऱ्यात आपण ज्याला धीर दिला तो पुढच्या फेऱ्यात आपल्याला देतो. सकाळी मला मागे टाकून गेलेल्यांपैकी काही जण आता चालत होते, काही अजूनही माझ्या खूप पुढे होते. जो वेग माझ्या दृष्टीने उधळपट्टी होता तो त्यांच्या ऐपतीत बसत होता, हे मान्य केले पाहिजे. काटकसर ही ज्याच्या त्याच्या मिळकतीशी जुळवून पाहायची गोष्ट आहे.

मुदतीविषयी एक शब्द लिहिला पाहिजे. सायकल संपवण्यास आरंभापासून साडेपाच तास दिलेले असतात. त्यानंतर येणाऱ्याची चिप काढून घेतात आणि त्याला धावू देत नाहीत. एक मध्यमवयीन बाई अशा काही थोड्या मिनिटांनी चुकल्या. चिप काढणाऱ्या स्वयंसेवक मुलीने आधी त्यांच्या हाती थंड पाणी दिले, खांद्यावर ओला टॉवेल ठेवला, आणि मग गुडघ्यावर बसून त्यांच्या घोट्याचा पट्टा सोडला. बाईंनी वाद घातला नाही. मुदतवाढीचे अर्ज वाचण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली आहेत, आणि त्यांतले निम्मे तरी खऱ्या अडचणीचे असतात हे मला ठाऊक आहे. तरी येथे जर पाच मिनिटे सोडली असती, तर पुढे साडेआठ तासांच्या आत कसाबसा पोचणाऱ्या माणसाला आपण पोचलो असे म्हणता आले नसते. कायदा कडक असावा आणि तो बजावणारा हात मऊ असावा, हे कचेरीत क्वचित जमते. त्या मुलीला जमले होते.

मी मुदतीच्या आत, पुरेशी शिल्लक राखून, कमानीखालून गेलो. वेळेचा आकडा कोणाला सांगण्याजोगा नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावे लागले, आणि त्याच आठवड्यात मी पुन्हा एका हद्दकायम मोजणीवर हजर होतो. तो खातेदारही तेथे होता, आणि त्याला त्याची तारीख मिळालेली होती.

या छंदाविषयी ज्या तक्रारी केल्या जातात त्या मला अमान्य नाहीत. तो महाग आहे. प्रवेशशुल्क, सायकल, प्रवास, मुक्काम यांचा खर्च पाहता ज्याला पोटासाठी रोज पंधरा किलोमीटर चालावे लागते तो या गर्दीत सहसा दिसणार नाही, आणि ज्या किनाऱ्यावर आम्ही टाळ्यांच्या गजरात पोहलो तेथील कोळी मंडळी याहून अवघड पाण्यात रोज कामाला जातात. पण त्यातून एक शिकवण मी उचलली, आणि ती आमच्या सर्वसाधारण संस्कारांच्या थोडी विरुद्ध आहे. हाती घेतलेले प्रत्येक काम जीव ओतून, सर्वस्व पणाला लावून करावे, असे आपल्याला शाळेपासून पढवलेले असते. आणि ज्याला आयुष्यात एकच काम करायचे आहे त्याला ते शोभतेही. परंतु ज्याच्या माथी एकापाठोपाठ एक अनेक कामे आहेत, त्याने प्रत्येक काम आपल्या सामर्थ्याच्या किंचित आत राहून करणे, म्हणजे पुढच्या कामाचा हक्क मागच्या कामाने गिळू न देणे, यातही एक प्रकारची निष्ठा आहे, आणि ती जिवावर उदार होण्याहून सोपी नाही.

हल्ली दिवसाच्या मोजणीचा कार्यक्रम आखताना मी शेवटच्या प्रकरणापासून मागे येत आखतो. निमताना मोजणीचे अर्ज, म्हणजे आधीच्या मोजणीवर अविश्वास दाखवणारे अर्ज, चाळून पाहिले तेव्हा त्यांतली बरीच प्रकरणे उतरत्या दुपारी, थकल्या डोळ्यांनी आणि घाईच्या हातांनी उरकलेली निघाली. म्हणून आमचे भूकरमापक आता सकाळी जी धाव घेत तशी घेत नाहीत; दुपारचे प्रकरण सकाळच्याइतकेच ताज्या डोळ्यांनी व्हावे, अशा बेताने ते सकाळचे काम करतात. मासिक तक्त्यात मोजणीचा आकडा यामुळे थोडा कमी भरतो. कचेरीतील तरुणांना ते अजून पसंत पडलेले नाही. पण आकडा कमी का, असे विचारले गेले तर उत्तर मी स्वतःच्या सहीने देईन, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.